जुनी मोटार आणि नवा भाता

नगरच्या माणसाला यंत्रांचे नवल वाटू नये, अशीच त्या गावाची ठेवण आहे. सरकारदप्तरी 2024 सालापासून आमचे गाव अहिल्यानगर झाले. पण आमच्या पिढीच्या तोंडी ते अद्याप नुसते नगरच आहे. किल्ल्यापलीकडे लष्कराची छावणी, तेथे चिलखती दलाचे केंद्र व शाळा, गावाबाहेर संरक्षण खात्याची वाहन संशोधन संस्था, आणि फिरोदियांच्या कारखान्यात 1972 साली जन्मास आलेली ती इवलीशी लूना. रणगाड्यापासून लूनेपर्यंतची सारी चाके ज्याने लहानपणापासून पाहिली, त्यास मोटारीविषयी आपले एक मत असणे ओघानेच येते. आमच्या घरातही अशी मते आहेत. माणसांच्या संख्येइतकी आहेत, असे म्हटले तरी चालेल. गेल्या वर्षी त्या सर्व मतांची परीक्षा पाहणारा एक प्रश्न आमच्यापुढे उभा राहिला. घरच्या जुन्या अमेरिकन मोटारीस सुपरचार्जर बसवावा की नाही, आणि बसवावयाचा तर कोणता?

प्रश्न वरवर चैनीचा दिसतो. परंतु ज्या घरात चार भावांचे बिऱ्हाड एका छपराखाली आहे, तेथे सामाईक वस्तूत फेरफार करणे ही गोष्ट कधीच नुसती चैनीची नसते. ही मोटार म्हणजे 1966 सालची शेव्हरले इंपाला. त्या काळी परदेशी वकिलातींनी वापरून सोडलेल्या गाड्या स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनमार्फत विकल्या जात. आमच्या अण्णांनी त्या मार्गाने ही घेतली आणि डाव्या हाताचे चक्र असलेली ही अजस्र गाडी नगरच्या बोळांतून हाकून दाखविली. त्यांच्यामागे ती आमच्या दादांकडे आली. दादा गेले आणि गाडी सात वर्षे पडवीत झाकून पडली. त्यांचा मुलगा, आमचा पुतण्या, इंजिनियर होऊन पुण्यास नोकरीला लागला, पहिली चार वर्षे साठविलेले पैसे घेऊन तो घरी आला आणि म्हणाला, ‘काका, बाबांची गाडी मला चालू करावयाची आहे, पण नुसती चालू नाही, तिला सुपरचार्जर बसवावयाचा आहे.’ त्याच्या बोलण्यात हौस होती हे खरेच. पण बापाच्या वस्तूवर आपल्या हाताची एक खूण असावी, ही ओढही तीत होती, आणि ती आम्हांस हसण्यावारी नेता येईना.

ज्या वाचकांचा मोटारीशी संबंध पेट्रोल भरण्यापुरता आहे, त्यांच्यासाठी थोडा खुलासा अवश्य आहे. एंजिनाची शक्ती पेट्रोलात असते असे आपण समजतो. ते अर्धेच खरे. एक भाग पेट्रोल नीट जळावयास वजनाने चौदा-पंधरा भाग हवा लागते. पेट्रोल हवे तितके ओतता येते; हवा मात्र एंजिन आपल्या श्वासाने ओढील तेवढीच मिळते. संध्येत प्राणायाम करणाऱ्यास पूरक व रेचक सांगावयास नकोत. एंजिनाचा पूरक हा असा बेताचा असतो. त्यास बाहेरून भाता लावून श्वास जबरीने भरावयाचा, म्हणजे तेवढ्याच आकारात अधिक हवा, अधिक पेट्रोल आणि अधिक जोर, ही सुपरचार्जरची सारी कल्पना. लोहाराच्या भात्याशी हे नाते केवळ उपमेचे नाही. अमेरिकेतील इंडियाना प्रांतातल्या रूट्स बंधूंनी 1860 साली ज्या यंत्राचे पेटंट घेतले, त्या जातीचे यंत्र प्रथम भट्ट्यांना वारा घालण्याच्याच कामी आले. मोटारीच्या विक्रीच्या यादीत ते 1921 साली जर्मनीच्या मर्सिडीजने आणले.

‘मसल कार’ या नावाने जी बलदंड गाड्यांची जात ओळखली जाते, तिचा आरंभ बहुतेक जण 1964 च्या पाँटियाक जीटीओपासून धरतात. मध्यम आकाराच्या गाडीत साडेसहा लिटरच्या घरातले मोठे एंजिन बसवावयाचे, हा तिचा मंत्र. काटेकोर अर्थाने आमची इंपाला त्या जातीची नव्हे. पण कूळ तेच. आठ कोठ्यांचे, 283 घन इंचांचे, म्हणजे सुमारे 4.6 लिटरचे एंजिन. नव्वदांहून अधिक लूनांची एंजिने एकत्र केली तरच त्याची बरोबरी व्हावी. कारखान्याने त्याची शक्ती 195 अश्वशक्ती अशी सांगितली होती. मात्र 1971 पर्यंत अमेरिकेतील हे आकडे एंजिन गाडीबाहेर काढून, अंगावरची ओझी उतरवून मोजलेले असत. चाकापर्यंत पोहोचणारा जोर त्याहून पुष्कळच कमी.

निवडीस मुख्यतः तीन जाती होत्या. पहिली रूट्सची. दोन पाकळीदार दांडे एकमेकांत फिरतात आणि हवेचे घास पुढे ढकलतात. अमेरिकन जनरल मोटर्सच्या दोन फेऱ्यांच्या डिझेल एंजिनांवर हे यंत्र असे. सहा कोठ्या आणि प्रत्येकी 71 घन इंच म्हणून त्या एंजिनाचे नाव ‘6-71’. दुसऱ्या महायुद्धानंतर तेच भाते काढून तेथील हौशी तरुणांनी आपल्या पेट्रोल गाड्यांवर चढविले. दुसरी जात जुळ्या स्क्रूंची. स्वीडनच्या लिशोल्म यांनी 1930 नंतरच्या दशकात ती पुढे आणली. हिच्यात हवा वाटेतच दाबली जाते, म्हणून ती रूट्सहून कमी तापते. किंमत मात्र चढी. तिसरी जात केंद्रोत्सारी पंख्याची. वेगाने फिरणारा लहान पंखा हवा बाहेर फेकतो व दाब उत्पन्न करतो. 1963 च्या स्टुडबेकर अवंतीवर व 1966 च्या शेल्बी मस्टँगवर मागणीप्रमाणे मिळणारे भाते या जातीचे होते.

पुतण्याचे मन प्रथम रूट्सवर बसले होते, कारण तो आरंभापासून जोर देतो. पंख्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. एंजिन मिनिटास 4800 फेऱ्यांवर असता तो पाच पौंड दाब देत असेल, तर 2400 फेऱ्यांवर सव्वा पौंडच देईल. आणि आमच्यासारखे लोक नगर-पुणे रस्त्यावर गाडी नेतात ती बव्हंशी याच वेगात. म्हणजे पंखा निरुपद्रवी, पण उपयोगाच्या वेळी झोपलेला. उलट रूट्सचा भाता एंजिनाच्या माथ्यावर बसतो. त्यासाठी बॉनेट कापावे लागते. अण्णांनी दर दसऱ्यास ज्या बॉनेटवर झेंडूची माळ घातली, त्यास भोक पाडावयाचे, या कल्पनेने घरातील वडीलधारी मंडळी जी गप्प झाली, ती दोन दिवस बोललीच नाहीत.

हा पेच सोडविण्यास आम्ही पुतण्यास एका रविवारी छावणीतील रणगाडा संग्रहालयात नेले. 1994 साली उघडलेले हे संग्रहालय पाहुण्यांना दाखवावयाची जागा म्हणून आम्ही अनेकदा पाहिले होते. या खेपेस ते शाळा म्हणून पाहिले. तेथील सेंच्युरियन रणगाड्याच्या जातीत जे मीटिअर एंजिन असते, त्याचा इतिहास फार बोधप्रद आहे. स्पिटफायर विमानाचे सुप्रसिद्ध रोल्स-रॉईस मर्लिन एंजिन 27 लिटरचे. उंच आकाशात हवा विरळ होते म्हणून त्यावर सुपरचार्जर होता, आणि त्याची शक्ती हजार घोड्यांवर जाई. तेच एंजिन रणगाड्यात घालावयाचे ठरले, तेव्हा इंजिनियरांनी पहिली गोष्ट कोणती केली असेल, तर तो सुपरचार्जर काढून टाकला. शक्ती सहाशे-साडेसहाशेवर आली. पण रणगाड्यास आकाशात जावयाचे नव्हते, हलक्या प्रतीच्या पेट्रोलवर दिवसेंदिवस चालावयाचे होते. याउलट आपल्या अवडीस बनलेल्या विजयंताच्या लेलँड एंजिनावर आणि शर्मनच्या एका प्रकारातील जोड-डिझेलवर रूट्सचे भाते होतेच. कारण दोन फेऱ्यांच्या त्या एंजिनांना भात्यावाचून श्वासच घेता येत नाही. म्हणजे भाता वाईट की चांगला हा प्रश्नच फोल. हे एंजिन कोणत्या कामासाठी घडले, हा खरा प्रश्न.

मोटारींच्या इतिहासातही हाच धडा एकदा मोठ्या किमतीस विकत घेतला गेला आहे. इंग्लंडात 1929-30 च्या सुमारास टिम बर्किन नावाच्या शूर शर्यतपटूने साडेचार लिटरच्या बेंटले गाडीस सुपरचार्जर लावला. गाडीचे जनक डब्ल्यू. ओ. बेंटले यांचा यास स्पष्ट विरोध होता. जोर हवा तर एंजिन मोठे करावे, त्यावर हवेची जबरदस्ती करू नये, असे त्यांचे मत. ती ‘ब्लोअर बेंटले’ दिसावयास भव्य, वेगास विलक्षण. 1930 च्या फ्रेंच ग्रां प्रीमध्ये ती दुसरीही आली. पण ल मान्सची चोवीस तासांची शर्यत 1928 साली साध्या साडेचार लिटरच्या बेंटलेने जिंकली, 1929 व 1930 साली मोठ्या एंजिनाच्या पण भात्याविना असलेल्या स्पीड सिक्सने जिंकली; आणि 1930 च्या ल मान्समध्ये उतरलेल्या भातेवाल्या गाड्या शेवटपर्यंत पोहोचल्याच नाहीत. आज लिलावात मोल मात्र त्या हरलेल्या गाडीलाच अधिक! मनुष्याच्या हौसेचा हिशेब निराळा असतो, हे यावरून दिसून येईल.

घरी येऊन काका-पुतण्यांनी वही घेतली. नगर समुद्रसपाटीपासून सुमारे 650 मीटर उंच. येथे हवा किनाऱ्यापेक्षा शेकडा सहाच्या आसपास विरळ. आपल्याच जिल्ह्यातील कळसूबाईच्या 1646 मीटर उंच माथ्यावर एंजिन नेले, तर ही तूट शेकडा पंधरावर जाईल. तेव्हा आमच्या एंजिनास थोडी हवा उणी पडते, हा पुतण्याचा मुद्दा खरा होता. परंतु हवा दाबली की तापते. सायकलचा पंप हाताने तापलेला कोणी पाहिला नाही? नगरच्या उन्हाळ्यातील 40 अंशांची हवा पाच पौंड दाबास नेली, तर आदर्श यंत्रातही ती 67 अंशांपर्यंत चढते. रूट्ससारख्या यंत्रात 90 अंशांच्या जवळ, चांगल्या पंख्यात 80 च्या आसपास. तापलेली हवा पुन्हा विरळ. त्यामुळे दाब शेकडा 34 वाढला, तरी हवेची खरी भर रूट्समध्ये शेकडा 15 व पंख्यात 19 एवढीच पडते. मध्ये हवा थंड करणारा रेडिएटर बसविला, तर ती 28 च्या घरात जाते. पण मग नळ्या, पट्टे, कंस यांचा पसारा वाढत जातो. शिवाय भाता फिरविण्यासच आठ-दहा अश्वशक्ती खर्ची पडते, ती वेगळीच.

याहून गंभीर गोष्ट ठोक्यांची. आमच्या एंजिनात मिश्रण सव्वानऊ पटीने दाबले जाते. आत येणारी हवा आधीच दाबलेली असेल, तर ढोबळ हिशेबाने हे प्रमाण बारापलीकडे जाते. मग मिश्रण ठिणगीची वाट न पाहता पेटू लागते आणि जुने ओतीव पिस्टन फुटू शकतात. येथे आपल्या जिल्ह्याचा ऊस मध्ये येतो. विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांनी 1950 च्या सुमारास प्रवरानगरास सहकारी साखर कारखाना उभा केला, तेव्हा त्या उसाचा मद्यार्क एक दिवस मोटारींच्या टाकीत जाईल, असे किती जणांस वाटले असेल? 2025 सालापासून आपल्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल आहे. इथेनॉल ठोके आवरते, आत जाताना हवा थंडही करते. सुपरचार्जरास ते साह्यकारीच म्हणावयाचे. पण त्याच्या ज्वलनास हवा कमी लागते, म्हणजे त्याच हवेस इंधन अधिक हवे. जुन्या कार्ब्युरेटरच्या जेटमधून ते शेकडा आठच्या आसपास कमी पडते. दाबाखालच्या एंजिनास कोरडे मिश्रण मिळणे, यासारखा घात नाही. शिवाय साठ वर्षांपूर्वीचे रबर इथेनॉलपुढे टिकत नाही. पुतण्याने जुनी नळी हातात घेऊन वाकविली, तर तिचे तुकडे पडले.

या साऱ्या हिशेबांपेक्षा घरातील एका वाक्याचे वजन अधिक ठरले. वहिनी या चर्चेत तोवर एक शब्द बोलल्या नव्हत्या. एके रात्री जेवणे झाल्यावर त्या मुलास म्हणाल्या, ‘पळवायची सोय तू करशीलच, पण थांबवायची काय केली आहेस ते आधी सांग.’ गाडीचे वजन सुमारे सतराशे किलो, चारही चाकांस जुने ड्रम ब्रेक. ऐंशीच्या वेगाऐवजी शंभरच्या वेगाने जाणारी गाडी थांबविण्यास ब्रेकांनी दीडपटीहून अधिक उष्णता सोसावी लागते, कारण ही उष्णता वेगाच्या वर्गाने वाढते. पाथर्डीच्या वाटेवर करंजी घाट उतरताना हेच ड्रम तापून पाय तळाशी गेल्याचे दादा सांगत. वहिनींनी ते सांगणे वीस वर्षे मनात ठेवले होते. पुतण्याने त्या रात्री वही मिटली.

कायद्याचेही पाहणे भाग होते. 1988 च्या मोटार वाहन कायद्याचे 52 वे कलम असे आहे की, नोंदणीपुस्तकातील तपशील कारखान्याच्या मूळ तपशिलापासून भिन्न होतील असे फेरफार गाडीत करता येत नाहीत. आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही या कलमाचा अर्थ कडक लावला आहे. अपघात घडल्यास विमा कंपनी याच फटीत बोट घालील, हे सांगावयास वकील नको. दुसऱ्या बाजूने, 2021 च्या नियमांनी पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांस ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी दिली. शुल्क वीस हजार, मुदत दहा वर्षे. अट एवढीच की, गाडी मूळ रूपात असावी. सांगाड्यात, अंगात वा एंजिनात मोठा फेरफार नसावा. म्हणजे एका वाटेने गेल्यास दुसरी बंद. अण्णांची गाडी मानाने रस्त्यावर आणावयाची, की तिच्या पोटात नवा जोर भरून ती चोरासारखी रात्री फिरवावयाची, असा हा निवाडा होता.

शेवटी फिटर म्हणून आलेल्या वृद्ध गृहस्थांनी आठही कोठ्यांचा दाब मोजला. सहा कोठ्या ठीक. दोहोंचा दाब इतरांच्या निम्म्यावर. वाल्व्ह जळलेले. ते म्हणाले, ‘अहो, गळक्या बादलीवर मोठा नळ सोडून काय होणार?’ पुतण्याने त्याच ठिकाणी निर्णय केला. साठविलेल्या पैशांतून वाल्व्ह व त्यांच्या बैठका नव्या झाल्या, रेडिएटरचा गाभा बदलला, इंधनाच्या साऱ्या नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या घातल्या, कार्ब्युरेटरचे जेट आजच्या पेट्रोलास जुळविले, आणि सर्वांआधी ब्रेक. नोंदणीसाठी अर्जही गेला आहे. भात्याचा खर्च याच्या कित्येक पट झाला असता.

वाचकांपैकी कोणाकडे अशी गाडी असेल आणि ती केवळ खाजगी आवारात वा शर्यतीच्या मैदानावर चालवावयाची असेल, तर आमचे मत मागितल्यास ते असे. एंजिन आधी निरोगी करावे. दाब पाच पौंडांवर नेऊ नये. हवा थंड करण्याची सोय केल्याशिवाय भात्याचे नावही काढू नये. आणि ज्यासाठी गाडीचे अंग कापावे लागत नाही, जो उद्या चार बोल्ट सोडून जसाच्या तसा उतरविता येतो, असाच पंख्याचा प्रकार निवडावा. त्याचा जोर उशिरा येतो हा दोष खरा. परंतु वडिलार्जित वस्तूवर जो हात फिरवावयाचा, तो पुढच्या पिढीस पुसून टाकता येईल असा असावा. घराची भिंत पाडणाऱ्यासही आम्ही हेच सांगतो.

पुतण्याची खूण गाडीवर राहिलीच नाही, असे मात्र कोणी समजू नये. कोणत्या तारखेस कोणती नळी बदलली, ठिणगी किती अंश मागे घेतली, हे सारे त्याने एका वहीत लिहून ठेवले आहे. त्याच वहीच्या पहिल्या पानावर दादांचे अक्षर आहे. 1983 सालच्या तेलबदलाची ती नोंद आहे. आणि मधली पाने कोरी आहेत. सुपरचार्जरचे आमचे सर्व हिशेबही त्यातच शेवटी आहेत. ते फाडून टाकावेत असे त्यास वाटले होते. वहिनींनी फाडू दिले नाहीत.